पत्त्याचे सोंग

ई-मेलचा पत्ता चारचौघांत लिहिताना लोक त्याला सोंग का देतात, हा आजचा विषय. तो ऐकून कोणास वाटेल की, कामगार चळवळीतल्या माणसाने संपाचे बोलावे, गिरण्यांचे बोलावे. हे संगणकाचे खूळ त्याने कशाला घ्यावे? पण पत्ता कोणासाठी उघडा ठेवावा, कोणापासून लपवावा, आणि लपविण्याचा भुर्दंड अखेर कोणाच्या माथी बसतो, हे प्रश्न आमच्या धंद्यातलेच आहेत. त्यांचा आरंभही संगणकाच्या पुष्कळ अगोदर, साध्या टपालात झालेला आहे.

१८४० पूर्वी इंग्लंडात पत्राचे पैसे बहुतकरून पत्र घेणाराने द्यावयाचे असत, आणि ते अंतरावर व कागदांच्या संख्येवर ठरत. गरिबांनी यावर एक नामी युक्ती काढली होती. पत्राच्या बाहेरच्या अंगावरच ठरलेली खूण करावयाची. घेणाराने ती पाहावी, घरचे कुशल समजून घ्यावे आणि पत्र न घेता पोस्टमनच्या हाती परत द्यावे. रोलंड हिल यांनी १८३७ साली टपालाच्या सुधारणेवर पुस्तिका लिहिली, तीन वर्षांनी एक पेनीचे तिकीट निघाले, आणि पत्र धाडणाराने आगाऊ पैसे भरावेत हा दंडक पडला. आपल्याकडे १८५४ साली अर्ध्या आण्याचे तिकीट आले. बिनतिकिटाचे, ज्याला आपण 'नॉटपेड' म्हणत आलो ते पत्र मात्र घेणाराच्या गळ्यात दुप्पट आकाराने पडे. तरी ते नाकारण्याचा हक्क त्याला होता. हा हक्क ध्यानात ठेवावा, कारण पुढची सगळी हकीकत तो गेल्याची आहे.

१९७१ साली अमेरिकेत, केंब्रिज गावच्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत, रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून शेजारीच ठेवलेल्या दुसऱ्या संगणकावर पत्र धाडले. यंत्रे शेजारी होती, पण त्यांच्यामधली वाट अर्पानेट नावाच्या जाळ्यातून जात होती. माणसाचे नाव आणि त्याच्या यंत्राचे नाव यांच्यामध्ये काहीतरी खूण हवी होती; कोणाच्या नावात येणार नाही अशी. टॉमलिन्सन यांनी कळफलकावरचा तो शेपटीचा वेढा घेतलेला 'ए' उचलला. हे चिन्ह मूळचे व्यापाऱ्याचे. बारा नग, दर नगास अमुक पैसे, असे बिलात मांडताना 'दराने' या अर्थी ते घालीत. आमच्या युनियनच्या जुन्या इंग्रजी टाइपरायटरवरही ते होते, आणि कित्येक वर्षे त्या कळेला कोणाचे बोट लागलेले नव्हते. व्यापाऱ्याचे चिन्ह शास्त्रज्ञांनी घेतले आणि पुढे व्यापाऱ्यांनी ते सव्याज वसूल केले, असे म्हणावयास हरकत नाही.

या नव्या टपालाला तिकीट नव्हते. जाळे अमेरिकन संरक्षण खात्याच्या पैशावर चालले होते. एक पत्र धाडले काय आणि चारशे धाडली काय, धाडणाराच्या खिशाला फरक पडत नसे. जॉन पोस्टेल यांनी १९७५ च्या नोव्हेंबरातच एक छोटेसे टिपण लिहून दाखवून दिले की, नको असलेली पत्रे निवडून नाकारण्याची सोय या जाळ्यातील यंत्राला नाही. म्हणजे पेनीचे तिकीट नाही, आणि नॉटपेड पत्र परत करण्याची मुभाही नाही. दोन्ही बाजूंनी घेणारा उघडा.

याचा प्रत्यय यावयास तीन वर्षे लागली. अर्पानेटवरील लोकांची एक छापील नामावली असे. एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधून ती निघे. कोण कोठे काम करतो, कोणाला कोठे विचारावे, हे एकमेकांस कळावे एवढाच तिचा उद्देश. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक बनविणाऱ्या कंपनीचे विक्री पाहणारे गॅरी थर्क यांनी ती नामावली समोर घेतली आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे चारशे लोकांचे पत्ते यंत्रात भरविले. ३ मे १९७८ रोजी त्या सर्वांना नव्या यंत्राच्या प्रदर्शनाचे एकच निमंत्रण गेले. पत्ते इतके झाले की, पत्त्याच्या जागेत ते मावले नाहीत आणि उरलेले मजकुरात सांडले! संरक्षण खात्याकडून कानउघाडणी झाली. पण यंत्रे खपली, असे थर्क पुढे अभिमानाने सांगत असत.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. नामावली ही नामावलीतल्या माणसांच्या सोयीसाठी केलेली असते. ती भलत्याच्या हाती पडली म्हणजे तिची यादी होते. कारखान्याच्या दाराशी ज्याने काम केले आहे त्याला हा फरक समजावून द्यावा लागत नाही. युनियनचे सभासद-रजिस्टर आणि मालकाच्या टेबलाच्या खणातली काळी यादी, यांत नावे तीच असतात. म्हणून कामगार संघटनेला रजिस्टर ठेवण्याची जितकी काळजी घ्यावी लागते, तितकी रोकड ठेवण्याचीही घ्यावी लागत नाही. अर्पानेटवरच्या विद्वानांना ही काळजी ठाऊक नव्हती, यात त्यांचा दोष नाही. ते सर्व एकमेकांना ओळखणारे, एका पंगतीचे लोक होते.

ही पंगत वाढविली युझनेटने. ड्यूक विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी १९७९ च्या सुमारास हे चर्चेचे फलक सुरू केले. कोणीही फलकावर मजकूर लावावा, कोणीही वाचावा, आणि लेखकाला खाजगी उत्तर द्यावयाचे असेल तर त्याचा पत्ता मजकुराच्या डोक्यावरच असे. १९८७ च्या नियमावलीत तर लेखकाने आपला खरा पत्ता द्यावा असे घालूनच दिलेले होते. पत्ता लपविणारा मनुष्य संशयास्पद ठरे. आम्हाला ही रीत फार मोलाची वाटते. आपण बोललो त्याखाली आपली सही असावी आणि ज्याला वाद घालावयाचा त्याला आपले दार सापडावे, याहून सभेची चांगली रीत दुसरी कोणती?

ती मोडली कशी? १२ एप्रिल १९९४ रोजी ॲरिझोना राज्यातील कँटर आणि सीगल या वकील दांपत्याने पाच हजारांवर फलकांवर एकच जाहिरात डकविली. अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्याची सरकारी सोडत निघणार होती; तिचा अर्ज आम्ही भरून देऊ, पैसे द्या, असा मजकूर. वस्तुतः त्या सोडतीच्या अर्जाला त्या वेळी सरकारी फी नव्हती. परदेशी माणसाच्या अजाणतेपणावर चालणारा हा धंदा आपल्याकडे दुबईच्या वाटेवर पुष्कळांनी पाहिला आहे. संतापलेल्या वाचकांनी इतकी निषेधपत्रे धाडली की, ती पोहोचविणाऱ्या कंपनीचे यंत्रच कोलमडले. दांपत्य मुळीच वरमले नाही; त्यांनी या मार्गाने पैसा कसा करावा यावर पुस्तक लिहिले. १९९७ साली टेनेसी राज्यात कँटर यांची वकिलीची सनद गेली, तीही काही अंशी या जाहिरातीपायी. पण तोवर रस्ता सर्वांना दिसला होता. अशा लादलेल्या मजकुराला 'स्पॅम' हे नाव याच काळात सर्वतोमुखी झाले. मूळ शब्द १९३७ सालच्या डबाबंद मांसाचा. १९७० सालच्या एका इंग्रजी विनोदी प्रवेशात तो इतक्या वेळा येतो की बाकीचे बोलणे ऐकूच येत नाही, त्यावरून तो उचललेला आहे.

फलकावर जाहिरात लावली तर लोक ती डावलून पुढे जात. घरच्या पेटीत टाकली म्हणजे डावलता येत नाही. म्हणून आता फलकांवरचे पत्तेच गोळा करणारी यंत्रे निघाली. यंत्र म्हणजे एक छोटी आज्ञावली. तिला मजकूर कळत नाही, भाषा कळत नाही, तिला फक्त टॉमलिन्सन यांचे चिन्ह कळते. चिन्ह दिसले की त्याच्या डावी-उजवीकडची अक्षरे उचलावयाची आणि यादीत टाकावयाची. इंग्रजीत या कामाला 'कापणी' असे साळसूद नाव आहे. आमच्याकडे पेरणी एकाची आणि कापणी दुसऱ्याची असली म्हणजे तिला चोरी म्हणतात. लाखो पत्त्यांच्या तबकड्या उघड जाहिरात करून विकल्या जाऊ लागल्या.

मग पत्त्याने सोंग घेतले. कोणी नावाच्या मध्येच 'नोस्पॅम' असा शब्द खुपसला आणि खाली टीप दिली की, उत्तर देताना मधला शब्द गाळावा. कोणी चिन्हाच्या जागी 'अ‍ॅट' लिहिले, टिंबाच्या जागी 'डॉट'. कोणी अक्षरे उलटी लिहिली. या मोडतोडीला संगणकवाल्यांच्या बोलीत 'मंजिंग' म्हणत. आमच्या एका सहकाऱ्याने ते 'मुंज' असे ऐकले आणि पत्त्याची मुंज का लावतात म्हणून विचारले. युक्तीचे मर्म साधे होते. माणसाला अर्थ कळतो, यंत्राला आकार कळतो. तेव्हा अर्थ ठेवावा आणि आकार मोडावा. रोलंड हिल यांच्या काळातील गरिबाने पत्रावर केलेल्या खुणेचीच ही बहीण, असे आम्हाला वाटते. मात्र त्या खुणेने टपालखात्याची वसुली चुकत होती. या सोंगाने जाहिरातवाल्याचे काहीच अडले नाही. एक पत्ता निसटला तर त्याला दुसरे हजार होते.

जुन्या युझनेटकरांना हे सोंग मुळीच रुचले नाही. खोटा पत्ता देणे म्हणजे सभेत तोंड झाकून बोलणे, असा त्यांचा आक्षेप. आणि खरोखरच त्रास झाला तो भलत्यांनाच. ज्याने सद्‌भावाने उत्तर लिहिले त्याचे पत्र परत येई. शिवाय लोक जे 'कोठेच नाही' अशा अर्थाचे कल्पित पत्ते देत, त्यांतले काही खरोखर कोणाच्या तरी मालकीचे निघत, आणि त्या बापड्याच्या दारी परक्याचा कचरा येऊन पडे. जून १९९९ मध्ये नियम करणाऱ्यांनी 'इन्व्हॅलिड' म्हणजे 'अवैध' हे शेवटचे नाव कायमचे राखून ठेवले. त्या नावाचा पत्ता कोणालाही कधी मिळणार नाही. पत्ता द्यावयाचा नसेल त्याने हे शेपूट लावावे, असे २००९ च्या युझनेटच्या नियमावलीत आले. खरा पत्ता द्यावा या नियमापासून, खोटा पत्ता असा द्यावा या नियमापर्यंत बावीस वर्षे लागली.

पण याच काळात दुसरीही एक गोष्ट घडत होती, आणि ती सहसा सांगितली जात नाही. सोंग हा एकट्याचा उपाय. फलक सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांनी एकजुटीचाही उपाय करून पाहिला. यूयूनेट ही त्या वेळची मोठी कंपनी. तिच्या गिऱ्हाइकांकडून स्पॅमचा लोंढा येई आणि तक्रारींची दाद लागत नसे. १ ऑगस्ट १९९७ पासून या स्वयंसेवकांनी ठरवून त्या कंपनीकडून येणारा प्रत्येक मजकूर फलकावरून काढून टाकावयास आरंभ केला. वाळीत टाकणेच ते; त्यांनी त्याला 'मृत्युदंड' असे भयंकर नाव दिले होते. कंपनीने प्रथम कायद्याची भाषा केली. आठवड्याच्या आतच तिने बंदोबस्त करण्याचे मान्य केले आणि बहिष्कार उठला. त्याच वर्षी पॉल व्हिक्सी यांनी स्पॅम सोडणाऱ्या यंत्रांची यादी चालू केली. जो टपालचालक ती मानील, तो त्या यंत्रांची पत्रे दारातच नाकारी. पोस्टेल यांनी १९७५ साली दाखविलेली उणीव अशी बावीस वर्षांनी थोडीफार भरून निघाली, आणि तीही एकेकट्याने नव्हे.

बहिष्कारात निरपराध गिऱ्हाइकेही होरपळली, हे आम्ही नाकारीत नाही. रेल्वेचा संप झाला म्हणजे उतारूंचे हाल होतात. तो आक्षेप आम्ही जन्मभर ऐकत आलो आहोत आणि तो अगदीच पोकळ नाही. पण कंपनीला हलविले ते बहिष्काराने. लाखो लोकांनी आपापल्या पत्त्याला लावलेल्या मुखवट्यांनी तिचे टेबलसुद्धा हलले नव्हते.

मुखवटा निरुपयोगी होता काय? नव्हे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००२ साली नवे पत्ते मुद्दाम निरनिराळ्या ठिकाणी पेरून पाहिले. गप्पांच्या खोलीत टाकलेल्या एका पत्त्यावर दहा मिनिटे लोटण्यापूर्वीच पहिले स्पॅम आले. वॉशिंग्टनच्या सेंटर फॉर डेमॉक्रसी अँड टेक्नॉलॉजी या संस्थेने असेच सुमारे अडीचशे पत्ते सहा महिने ठेवले. मार्च २००३ मध्ये तिने निष्कर्ष छापला. आठ हजार आठशेवर स्पॅम आले, आणि त्यांतले शेकडा ९७ हून अधिक सार्वजनिक पानांवर उघडे लिहिलेल्या पत्त्यांवर. 'अ‍ॅट' आणि 'डॉट' असे अक्षरांत लिहिलेल्या पत्त्यांवर एकही आले नाही. आमच्या सरकारी पानांवरच्या कंसांचे समर्थन या आकड्यांत सापडेल. तथापि ते २००३ चे आकडे आहेत. कंसातला 'अ‍ॅट' ओळखावयास यंत्राला एक ओळ अधिक शिकविली म्हणजे पुरते, आणि ती लवकरच शिकविली गेली. मग लोकांनी पत्त्याची चित्रे केली. यंत्राला चित्र वाचता येईना; पण पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणाऱ्या साधनावर विसंबणाऱ्या अंध माणसालाही ते वाचता येईना. चोराला अडविण्यासाठी घातलेला उंबरठा चोराने कधीच ओलांडला, अडखळत राहिला तो अंध वाचक.

कायदेही झाले. अमेरिकेत १ जानेवारी २००४ पासून लागू झालेल्या कायद्याने पत्त्यांची 'कापणी' करून केलेला गुन्हा अधिक गंभीर मानला. त्याच महिन्यात डाव्होस येथे बिल गेट्स यांनी दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल असे भाकीत केले. ते खोटे ठरले, हे आपल्यापैकी प्रत्येकाला आपापल्या पेटीवरून ठाऊक आहे. आपल्याकडे स्पॅमसाठी स्वतंत्र कायदा झाला नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने जे ६६-अ कलम घातले त्यात त्रासदायक ई-मेलचाही समावेश होता. त्याचा उपयोग कोठे झाला? २०१२ साली पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या साध्या मजकुरासाठी अटक झाली तेव्हा हेच कलम लावलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द केले, याचा आम्हाला आनंदच आहे. स्पॅमवाल्यांना त्याची झळ लागल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आता आमच्या घरचे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वांना खुले केले तेव्हा ते तासांवर विकत घ्यावे लागे, वर टेलिफोनचे बिल निराळे. या शतकाच्या आरंभी आमच्या कचेरीत ते आले. पेटी उघडावी तर आधी परदेशी औषधांच्या आणि बक्षिसांच्या जाहिराती उतरत. त्यांच्या तळाशी कोठेतरी एखाद्या सभासदाचे पत्र. प्रत्येक जाहिरातीचे पैसे सभासदांच्या वर्गणीतून जात होते. म्हणजे शुद्ध नॉटपेड पत्र, आणि नाकारण्याची सोय नाही. कार्यकारिणीत वाद झाला. तरुण मंडळी म्हणाली, पत्त्याला सोंग द्या. एक वृद्ध सभासद, ज्यांनी आयुष्यात संगणकाला हात लावला नव्हता, ते म्हणाले की युनियनचा पत्ता अडाण्याला सापडत नसेल तर तो कशाला हवा? आम्ही वृद्धांच्या बाजूने मत दिले. पुढे प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम अडकलेला एक कामगार आला. त्याने कोठल्याशा पानावरचा पत्ता चौकोनी कंसासकट, अक्षर न अक्षर मोबाइलवर उतरविला होता आणि फोन तो पत्ता घेत नव्हता. पत्ता त्यांनीच लिहिलेला, मग चुकीचा कसा, हा त्याचा प्रश्न आम्हाला अगदी रास्त वाटला. त्याने महिनाभर वाट पाहिली होती.

आज या कंसांनी नेमके कोणाचे रक्षण होते हे सांगणे कठीण आहे. २०१३ साली याहू कंपनीच्या भांडारावर जो दरोडा पडला त्यात तीन अब्ज खात्यांची माहिती गेली. चार वर्षांनी कंपनीने तसे कबूल केले. तीन अब्ज पत्ते एका ठिकाणी मिळत असता पानापानांवर सरवा वेचीत कोण हिंडेल? यंत्रेही आता पत्ता पाहून नव्हे, मजकूर पाहून पत्रे निवडतात. पॉल ग्रॅहॅम यांनी २००२ साली शब्दांच्या संभवावरून स्पॅम ओळखण्याची रीत मांडली, तेव्हापासून ही चाळणी बारीक होत गेली आहे. आमच्या हँडबिलावर आम्ही पत्ता चिन्हासकट सरळ छापतो. रोज सकाळी एक कार्यकर्ता चाळणीत अडकलेली पत्रे एकेक करून उघडतो, कारण पहिल्यानेच ई-मेल लिहिणारा माणूस विषयाची ओळ रिकामी सोडतो, नाव घालीत नाही, एखादा फोटो तेवढा जोडतो, आणि यंत्राला ते पत्र कचऱ्यातले वाटते. गेल्या पावसाळ्यात असाच एक फोटो निघाला. त्यावर पेन्सिलीने लिहिलेला ग्रॅच्युइटीचा हिशेब होता, आणि तो बरोबर होता.